झिलूच्या खांद्यावरचा तुंबा

मी एक तुंबा बोलतोय. नाक मुरडू नका, जन्माने मी कडू भोपळाच. नंदिगड्ड्याच्या रानात केशरच्या कुडावर वाढलो. तिच्या नवऱ्याने, झिलूने, मला वाळवून पोकळ केलं, पाण्यात मुरवून माझा कडूपणा घालवला आणि पेज भरून खांद्याला अडकवलं. आमच्याकडे तुंब्याची रीत एकच : वाटेत जो मागेल त्याला पाजायचं.

झिलू रानातला मध काढायचा. पुढे एका व्यापाऱ्याने त्याला सोपी वाट दाखवली. चोरट्या अफूच्या गोळ्या मेणात लपेटून माझ्या तळाला चिकटवायच्या, वर पेज ओतायची आणि कॅसलरॉकवरून हद्दीपार गोव्यात न्यायच्या. मला लाज वाटायची, पण तुंब्याला कोण विचारतो!

शेजारच्या लखूचा गुडघा ठणकायचा, म्हणून झिलूने त्यालाही एक गोळी दिली. मायेनेच दिली हो. मग दुसरी, तिसरी. लखू अंथरुणाला खिळला, शेतातलं भात रानडुकरांनी खाल्लं आणि त्याची बायको फुला एकटीच राबत राहिली.

एका चैत्रात नाक्यावरच्या शिपायाला ऊन लागलं. "प्यायला काय हाय का रे?" झिलूचा हात थबकला, पण रीत मोडवेना. शिपाई मला उपडा करून घटाघटा पेज प्यायला आणि शेवटच्या घोटाला त्याच्या दाताखाली गोळी आली. उन्हाने मेण सुटलं होतं!

दीड वर्षाची सजा झाली. मला रिकामा करून केशरकडे परत दिलं. झिलू कारवारच्या तुरुंगात असतानाच लखू गेला.

झिलू सुटून आला तो नव्याच्या दिवशी. नव्या भाताचं पहिलं जेवण सारा गाव एका पंगतीत जेवतो. पंगतीत घेतलं नाही, तर माणूस गावाचा उरत नाही. झिलू अंगणाबाहेरच उभा राहिला.

"तहानेल्याला पाजलं म्हणून धरला गेला बिचारा," कुणी म्हणालं.

"आणि लखूचं काय?" दुसऱ्याने विचारलं.

मला दोघांचंही पटत होतं. शेवटी गावचा पुढारी, कृष्णा बुधवंत म्हणाला, "फुला सांगंल तसं."

फुलाने केशरच्या हातातून मला घेतलं, पाणी भरलं आणि झिलूपुढे धरलं. त्याने मला दोन्ही हातांनी धरलं.

"फुला, माझं चुकलं गं."

"चुकलंच. माफ न्हाई केलं मी. पण हितं बस."

पंगतीच्या टोकाला लखूच्या नावाने पान वाढलं होतं. त्याला लागून तिने दुसरं पान मांडलं. "दरसाल हितंच बसायचं."

झिलूवर माझा फार राग होता, तरी त्या वेळी मला भरून आलं.

आता मी तडकलोय. पाणी राहत नाही म्हणून फुलाने माझ्यात बियाणं ठेवलंय. तिचं शेत झिलूच नांगरतो. मला फेकू नका, एवढंच मागणं. आणि झिलूची दया यावी की नाही, हे मला विचारू नका. नव्याच्या पंगतीला या. लखूचं पान झिलू कुंपणाशी ठेवतो आणि कावळा शिवेपर्यंत घास घेत नाही. गेल्या साली दुपार कलली तरी कावळा आला नाही. सगळे जेवून उठले. झिलू तसाच बसून होता.

फुलाही जेवली नव्हती.