ठणठणीत हृदय

डॉ. फूंनी सोनोग्राफीची कांडी पुसून जागेवर अडकवली आणि यंत्राचा पडदा युए-निंगकडे वळवला.

"बघ, कसं मुठीसारखं आवळतंय. इतकं ठणठणीत हृदय माझंसुद्धा नसेल."

खाटेवर सू-आजी निपचित पडल्या होत्या. च्यायी शहराच्या बाजारात माशाच्या डोक्याचं कालवण विकणारी, गल्लीभर आवाज जाणारी बाई. मूत्रपिंडातला जंतुसंसर्ग रक्तात भिनला होता. सकाळपासून सलाईन चढत होतं, तरी हात गारच होते, लघवी जवळजवळ बंद होती आणि आता फुफ्फुसांतही पाणी साचू लागलं होतं.

"सर, रक्तदाब इतका पडलाय की हृदयाला ढकलायला समोर काही उरलंच नाही," युए-निंग म्हणाली. अतिदक्षता विभागाची डॉक्टर ती होती. हृदयाबद्दलचा शब्द मात्र फूंचा चाले. "उघड्या दाराला धक्का मारून कुणाची ताकद कळते का?"

"मग काय लिहू? सौम्य बिघाड? मध्यम? तीव्र? अगं, आकडा बासष्ट आलाय, दर ठोक्याला बासष्ट टक्के रक्त बाहेर फेकतंय. बासष्टला बिघाड म्हणणारं एक कोष्टक दाखव, आत्ता सही करतो."

जंतुसंसर्गानं थकलेल्या हृदयासाठी सगळ्यांना मान्य असं कोष्टक नव्हतंच. जो तो आपल्या मापानं मोजत होता. हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि तेच तिला जास्त झोंबलं.

"सलाईन वाढव," जाता जाता ते म्हणाले.

नर्सनं नवी बाटली उचलली.

"ठेव ती खाली."

"पण डॉक्टर, सरांनी तर..."

"ऐकलंय मी. बहिरी नाही."

युए-निंगनं रक्तवाहिन्या आवळणारं औषध वाढवलं. दाब वर सरकल्यावर तिनं स्वतः कांडी छातीवर टेकवली. मघाची मूठ आता धड मिटत नव्हती. अर्ध्यावर थरथरून सुटत होती. आकडा चौतीस. तिनं फूंना फोन लावला.

"तुझा कोन चुकला असेल," ते म्हणाले. मागे बाह्यरुग्णांचा गलका ऐकू येत होता. "माझा अहवाल आहे तोच राहील."

तिनं रिसीव्हर आपटला, तो हुकून टेबलावर पडला. तो तसाच सोडून तिनं हृदयाला जोर देणारं औषध थेंबाथेंबानं सुरू केलं.

बाहेर आजींचा मुलगा पो-हान उभा होता. त्याच्या हातातला डबा उघडलेलाही नव्हता.

"ते डॉक्टर म्हणाले हृदय उत्तम आहे. तुम्ही म्हणता थकलंय. आधी तुमचं दोघांचं काय ते ठरू द्या, मग मला सांगा!"

"आमचं ठरेपर्यंत तुमची आई थांबायची नाही," ती म्हणाली. तोडून बोलल्याचं तिला लगेच वाईट वाटलं, पण माफी काही ओठांवर आली नाही.

संध्याकाळी लघवीची पिशवी भरू लागली. दुसऱ्या दिवशी आजींचे हात कोमट झाले. आठवड्याभरात त्या रुग्णालयाच्या पेजेला नावं ठेवू लागल्या. घरी सोडण्यापूर्वी फूंनी पुन्हा तपासलं. दाब आता औषधाविना टिकत होता, आणि हृदय खरोखरच छान चालत होतं.

"एकसष्ट," ते म्हणाले. "मी काय म्हणत होतो?"

पो-हाननं वाकून त्यांचे आभार मानले. युए-निंग खिडकीशी उभी राहून पेनाचं टोपण चावत राहिली. जे बरं झालं, ते बिघडलं होतं हे आता कुणाला दाखवणार?

पुढच्या महिन्यात न्यूमोनियाचा एक पेन्शनर मास्तर असाच रक्तदाब कोसळून आला. तिनं नाइलाजानं फूंना बोलावलं. काय ऐकावं लागणार याची मनाची तयारीही केली.

फू आले. कांडीला जेल लावलं, छातीपर्यंत नेली, आणि हात तिथंच थांबवला. त्यांची नजर रक्तदाबाच्या आकड्यावर होती.

"एवढ्या कमी दाबात बघून काय उपयोग?" ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "आधी वर आण. मी थांबतो."

तिनं पायानं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं आणि औषध वाढवायला वळली.