विहिरीचा उपसा

दोन इंजिनं सकाळपासून धडधडत होती, तरी विहीर हटायला तयार नव्हती. पावसाळा नुकताच सरलेला, झरे मोकळे. वरून जेवढं उपसावं तेवढं खालून पाझरत होतं. सोडलेलं पाणी शेजारच्या वावरात शिरलं होतं आणि मिरचीची रोपं चिखलात माना टाकून उभी होती.

"माझ्या मिरचीचं वाटोळं झालं," विहिरीचा मालक कपाळाला हात लावून म्हणाला.

"अरे, बाई बुडालीय आणि तुला मिरचीचं पडलंय!" इंजिनवाल्यानं त्याला झापलं.

"बुडाली असंल तर विहीरही गेली. ते पाणी कोण तोंडात घेणार?"

बुडाली ती गवंड्याची बायको. निदान गाव तरी तसं धरून चाललं होतं. आदल्या दिवशी उजाडता उजाडता ती पाण्याला म्हणून निघाली. भरलेली घागर काठावर, आणि बाईचा पत्ता नाही. मग दुसरं काय समजायचं?

गर्दीच्या मागं मीटिंगवाली उभी होती. गावातल्या बायकांना गोळा करून बैठका घ्यायची, म्हणून हे नाव. शहरातल्या एका संस्थेचं काम करायची, पण सून याच गावची. म्हणून बायका तिच्यापाशी मन मोकळं करत. विहिरीत गाळाशिवाय काही नाही, हे त्या सगळ्या गर्दीत तिला एकटीला ठाऊक होतं. बांधाबांधानं सडकेपर्यंत नेऊन तिनंच गवंड्याच्या बायकोला संस्थेच्या गाडीत बसवलं होतं.

नवऱ्यानं मनगट मोडलं तेव्हा ती बाई पाय घसरला म्हणाली होती. त्यानं गळा दाबला तेव्हा मात्र बोलली. गाडीत बसताना म्हणाली, "ताई, मी कुठंय ते कुणाला कळता कामा नये. माझ्या आईलाही नाही. ती फार भोळी. हा चार शब्द गोड बोलला की ती सगळं ओकून टाकंल." मीटिंगवालीनं शब्द दिला. काठावर राहिलेली घागर दोघींच्याही ध्यानात आली नव्हती.

आता गवंडी विहिरीच्या कठड्याला धरून लहान पोरासारखा रडत होता. लोक त्याच्या पाठीवर हात फिरवत होते. आणि गंमत म्हणजे ते रडणं खोटं वाटत नव्हतं.

मीटिंगवाली गोठ्याआड गेली आणि तिनं संस्थेच्या मॅडमना फोन लावला.

"मॅडम, इथं विहीर उपसतायत. आता एक जण दोर बांधून गाळात उतरणार आहे. ती सुखरूप आहे एवढंच सांगू का?"

"मग ती कुठं आहे, असं तो विचारेल. तुम्ही काय सांगणार?"

"तिच्या आईला तरी? शेजारच्या गावाहून निघालीय म्हातारी."

"मुलीनं काय सांगितलंय?"

मीटिंगवालीनं फोन बंद केला. तिचं सासर इथं, पोरं इथल्याच शाळेत. तोंड उघडलं तर ती बाई जिवानिशी जाणार, मिटलं तर हा तमाशा डोळ्यांनी बघायचा. आणि घरी जावं तर, सगळा गाव इथं असताना ही घरी का, म्हणून लोक बोट दाखवणार.

म्हातारी आली ती अनवाणीच. लेकीची घागर बघितली आणि कुणाला काही कळायच्या आत कठड्याकडं धावली. "मला सोडा, मी जाते तिच्याकडं!" एक पाय तिनं वर टाकलाही. मीटिंगवालीनं झेप घेऊन तिला कमरेला मिठी मारली. दोघी चिखलात पडल्या.

"मावशी, नका हो असं करू," तिच्या कानाशी ती म्हणाली. आणि मग, म्हणायचं नव्हतं तरी तोंडून गेलंच, "त्यात काही नाही."

म्हातारीनं मान वळवून तिच्या तोंडाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिची बोटं मीटिंगवालीच्या दंडात रुतली.

"ताई काय म्हणाल्या?" गवंडी डोळे पुसत जवळ आला.

मीटिंगवालीनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं. पण म्हातारीनं असा हंबरडा फोडला, की इंजिनाचा आवाजही मागं पडला.

"काय म्हणणार? धीर धरा म्हणाली! जावईबापू, विहीर कशाला उपसताय? माझी पोर नदीला गेली हो! लहानपणापासून तिला नदीचीच ओढ. केवढं पाणी आलंय नदीला! आता कुठली सापडते माझी लेक!"

इंजिनं बंद झाली. माणसं नदीच्या काठाकाठानं पांगली. नदी तुडुंब होती, तिनं काही परत दिलं नाही. एसटी स्टँडवर चौकशीला कुणी गेलं नाही.

पुढं रोज गवंडी मीटिंगवालीच्या ओट्यावर येऊन बसायचा. "ताई, तुमच्या बैठकीला यायची ती. कधी काही बोलली होती का हो?" ती चहाचा कप पुढं ठेवायची आणि नाही म्हणायची. शब्द पाळला की मोडला, हे तिचं तिलाही सांगता येत नव्हतं.

मग ती म्हातारीला भेटायला गेली. घर बायकांनी भरलं होतं. म्हातारी भिंतीला टेकून बसलेली, डोळे सुजलेले. रडणं खरंच होतं. लेक पुन्हा दिसायची नव्हती.

"बाई," सगळ्यांदेखत तिनं विचारलं, "माझ्या पोरीला थंडी सोसत नाही. तिकडं पांघरायला मिळत असंल का हो?"

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. म्हातारीचं डोकं फिरलं, असं एक जण पुटपुटलीही.

"मिळतं मावशी," मीटिंगवाली म्हणाली. "चांगलं जाड मिळतं."

म्हातारीनं मान हलवली आणि पुन्हा रडायला सुरुवात केली.