माळावरच्या सवती

हिवाळ्यातल्या सकाळी माझे यजमान मेंढवाड्यावरून घरी येत, तेव्हा त्यांच्या घोंगडीला दवात भिजलेल्या गवताचा गंध असे आणि काठांना कुसळांची सोनेरी झालर. ती कुसळं वेचताना मला कळे, आजही हे हरणांपाशी बसून आले.

मी कृष्णाकाठी वाढले आणि लग्नानंतर म्हसवडकडच्या उघड्या माळावर आले. तिथे दृष्टीला अडवणारं काहीच नव्हतं, तरी माझ्याकडे वळायला ह्यांच्या दृष्टीला सवड नव्हती. दूरवर काळवीट उसळ्या घेत निघाला की ह्यांचे रुंद खांदे नकळत उचलले जात, जणू तो वेग त्यांच्याच देहातून वाहत होता. हरणींच्या डोळ्यांविषयी ते बोलू लागले की मी चुलीत लाकूड जरा जोराने सारी. एकदा नवं हिरवं लुगडं नेसून समोर उभी राहिले, तर म्हणाले, “कळपात पाडसं झाल्याती.”

“माज्याकडं बी बगा की कवातरी,” मी म्हणाले. ते हसले, आणि पुन्हा माळाकडे पाहू लागले.

महायुद्ध संपलं आणि जुन्या लष्करी जीपगाड्या आमच्या भागात आल्या. रजेवरचे शिपाई, शहरातले हौशी पाहुणे बंदुका घेऊन माळ तुडवू लागले. जीपपुढे धावून धावून कळप दमे, थांबे, आणि मग बार निघत. दोन-तीन हिवाळ्यांत माळ रिता झाला. मला वाटलं, आता हे माझे.

हरणं संपली तसे भुकेले लांडगे मेंढवाड्यावर येऊ लागले. आमची एक गाभण मेंढी त्यांनी फाडली. मेलेल्या मेंढरांत विष भरून ती माळावर टाकायची, असं गावाने ठरवलं.

“तुमी बी घाला इख,” मी म्हणाले. “समदी मेंढरं जायाची वाट बगताय का?”

“त्येंच्या तोंडचं आपुनच काढून घेतलं,” ते शांतपणे म्हणाले. “आता त्येंनी जावं कुटं?”

आमची मेंढी ह्यांनी खड्डा खणून पुरली. पण इतरांनी विष घातलंच. लांडगे मेले, त्यांच्यामागून खोकडं मेली, आभाळातून उतरलेली गिधाडं पंख पसरून तिथेच पडली. पुढे मेलेलं जनावर उन्हात कुजत राही आणि वाऱ्याबरोबर त्याची दुर्गंधी उंबऱ्यापर्यंत येई. खोकडं उरली नाहीत, तेव्हा उंदरांनी ज्वारीची कणसं कुरतडली.

हे पहाटे बाहेर पडेनासे झाले. मला हवे तसे घरी राहू लागले, दिवसभर, अगदी हाताच्या अंतरावर. मात्र बोलता बोलता मधेच थांबत, मान किंचित कलती करून कान देत.

“काय ऐकताय?”

“काय न्हाई. काय ऐकूच येत न्हाई, त्येच.”

माळावर होत्या तोवर त्या हरणी माझ्यासारख्याच उन्हाने थकत, धुळीने माखत. तेव्हा त्यांची बरोबरी करण्याची आशा तरी मला होती. पण त्या नाहीशा झाल्या आणि ह्यांच्या स्मरणात कायमच्या तरुण राहिल्या. मी तेवढी रोज समोर असल्यामुळे म्हातारी होत गेले.