दोन आवाजांचा केवळराम

मोहाडीच्या बसस्टँडसमोर बॅनर लागला तेव्हा केवळराम समोरच्या टपरीवर चहा पीत होता. बॅनरवर त्याचाच सदतीस वर्षांपूर्वीचा फोटो होता. मानेवर रुळणारे केस, चमकी लावलेलं जॅकेट, हातात माइक. खाली लिहिलं होतं, 'दोन आवाजांचा बादशहा केवळराम! मंडईनिमित्त रविवारी दुपारी चार वाजता, पुरुष आणि स्त्री दोन्ही आवाजांत, प्रत्यक्ष.' त्यातल्या 'प्रत्यक्ष'भोवती कार्यक्रम ठरवणाऱ्या मनिषनं लाल गोल काढून घेतला होता. केवळरामच्या पाचावर धारण बसली. कारण अगदी साधं होतं. त्याच्याकडे दुसरा आवाज नव्हता, कधीच नव्हता.

हे ज्यांना ठाऊक होतं त्यातले बहुतेक वर गेले. मनिषचे आजोबा, राइस मिलवाले भैय्यालालजी, गेले. कॅसिओवाला गेला, ऑक्टोपॅडवाला गेला. उरला केवळराम, आणि उरली रंजू.

भैय्यालालजींना अठ्ठ्याऐंशी साली ऑर्केस्ट्राचं वेड लागलं होतं. दिवाळी झाली की झाडीपट्टीत गावोगाव मंडईची जत्रा भरते, दंडारीचे खेळ होतात, नाटकं होतात. त्या दिवसांत मधल्या मधे ऑर्केस्ट्राही घुसला आणि पोरं त्यावर जीव टाकू लागली. केवळराम तलावाच्या पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, मासेमार ढीवरांच्या मोहल्ल्यातला, वीस-बावीसचा, गळ्यानं बरा आणि दिसायला फारच बरा. अडलं होतं ते गायिकेपाशी. नागपूरहून आणलेली बाई दुसऱ्याच मुक्कामी मच्छरांना कंटाळून पळाली. त्याच मोहल्ल्यातली रंजू हळदीची गाणी अशी म्हणायची की बाया हळद वाटायच्या थांबायच्या. पण तिच्या बापानं स्पष्ट सांगितलं, पोरगी लोकांना दिसता कामा नये.

मग भैय्यालालजींनी तोड काढली. रंजूनं मागच्या पडद्याआड बसून गायचं आणि केवळरामनं पुढं डोक्यावर ओढणी घेऊन ओठ हलवायचे. दुसऱ्या मुलखात कुणीतरी पडदा उचलून पाहिला असता. पण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दंडारीत मिशा काढून लुगडं नेसलेले बाप्ये बाईच्या आवाजात बोलत आले आहेत, त्यात कुणाला नवल वाटत नाही. लोकांनी केवळरामलाच दोन गळ्यांचा माणूस ठरवून टाकलं. पडद्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

इथवर रंजूचीही हरकत नव्हती. तिला गायला मिळत होतं, तेवढंच तिला हवं होतं. घात झाला तो कॅसेटचा. मिलच्या गोदामात एक दिवस नागपूरहून रेकॉर्डिंगचं मशीन आलं, आणि आजचं गाणं फक्त सरावासाठी आहे असं सांगून तळ्याचं गाणं तिच्याकडून चारदा गाऊन घेतलं. डोंग्यातून तो हाक मारतो आणि पाळीवरून ती उत्तर देते, असं ते गाणं. महिन्याभरानं रंजू आईबरोबर बाजारात मासोळ्या घेऊन बसली होती आणि कॅसेटच्या दुकानातून तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. कव्हरवर एकटा केवळराम होता. नावही एकट्याचंच होतं.

तो दुकानदार दर बाजाराला पाटीवर खडूनं दहा गाणी लिहायचा, खपतील त्या क्रमानं. मुंबईच्या मोठमोठ्या सिनेमांची गाणी खाली ढकलून तळ्याचं गाणं त्या पाटीवर अकरा बाजार पहिलं राहिलं. बाराव्या बाजारी रंजू केवळरामला तलावावर गाठून म्हणाली, हे काय केलं तुम्ही? तो म्हणाला, तुझं लग्न तोंडावर आहे, आता बोभाटा नको, ते पार पडू दे, मग मी स्वतः सगळ्यांना सांगतो. बोलताना ते त्याला खरंच वाटत होतं. उन्हाळ्यात रंजू लग्न होऊन आंबागडला गेली. पुढच्या वर्षी केवळरामचंही लग्न ठरलं, आणि ममतानं होकार दिला तोच मुळी त्या दुसऱ्या आवाजावर भाळून. आता सांगायचं तरी कोणत्या तोंडानं? एक वर्ष गेलं, मग दहा गेली, मग लोक गाणंच विसरले आणि केवळराम सुटल्यासारखा जगू लागला.

त्या काळच्या गाण्यांना शहाण्या माणसांनी तेव्हाही शिव्याच दिल्या होत्या. हायस्कूलचे मराठीचे गुरुजी म्हणायचे, या धांगडधिंग्याला दोन वर्षांत कुत्रं विचारणार नाही. खरं सांगायचं तर गुरुजी फारसे चुकलेही नव्हते. कॅसिओचा पत्र्यासारखा आवाज, प्रत्येक ओळीच्या शेपटीला बांधलेला तो घुमारा, गरज नसताना मधेच वाजणारी शिट्टी. पण मनिषला आजोबांच्या कपाटात ती कॅसेट सापडली, त्यानं ती फोनवरून नेटवर चढवली, आणि दोन महिन्यांत पोरीबाळी त्यावर नाचू लागल्या. ऐंशी पार केलेले तेच गुरुजी आता नातवाला म्हणतात, ते तळ्याचं लाव रे.

आणि लोकांनी या खेपेला गाणं नीट ऐकलं. तेव्हा सगळे नाचत होते, ऐकत कोण होतं? आता कानात बोंडं घालून ऐकणाऱ्यांना कळलं की त्यातला पुरुषाचा आवाज ठीक आहे, चारचौघांसारखा आहे, पण बाईचा आवाज काळजाला हात घालतो. त्या पत्र्याच्या वाजंत्रीखाली तो आवाज इतकी वर्षं जिवंत राहिला होता. गाण्याखाली लोक लिहायचे, 'हा बाप्या बाईपेक्षा खरी बाई गातो.' ममता ते चष्मा लावून मोठ्यानं वाचून दाखवायची. केवळरामला जेवण गोड लागेना.

बाजाराच्या दिवशी तो रंजूकडे गेला. ती अजूनही आंबागडहून इथल्या बाजाराला येऊन मासोळ्या विकायची. नवरा चार वर्षांपूर्वी गेला होता, मदतीला कधीकधी नात खुशबू असायची. केवळराम दोनदा तिच्या समोरून गेला आणि दोनदा वांगी पाहत उभा राहिला. तिसऱ्यांदा तिनंच हाक मारली.

बॅनर तिच्या बसायच्या जागेवरून लख्ख दिसत होता. तिनं त्याचा विषय काढला नाही. त्याची बायको कशी आहे, गुडघे कसे आहेत, तलावात यंदा मासोळ्यांचं बीज पडलं का, सगळं विचारलं. मग मरळ साफ करता करता, वर न पाहता, तिनं विचारलं,

"अजून काई बोलाचं हाय का, केवळभाऊ?"

आताच बोलायचं होतं. जिभेवर शब्द आले होते. रंजू, मी रविवारी सांगून टाकू का? तुझी तयारी आहे का? एवढंच विचारायचं होतं. पण शेजारी खुशबू बसली होती आणि तिच्या फोनवर तेच गाणं बारीक आवाजात चाललं होतं.

"नाही," तो म्हणाला. "रविवारी येजो फक्त."

रंजूनं मरळ पिशवीत घालून दिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं.

रविवारी सकाळपर्यंत केवळरामनं घसा बसल्याचं सोंग घ्यायचं ठरवलं, मोडलं, पुन्हा ठरवलं. शेवटी आंघोळ करताना त्याच्या मनानं घेतलं की आता सांगूनच टाकायचं. चार लोक हसतील, ममता रुसेल, मनिष चिडेल, पण छातीवरचा धोंडा उतरेल. रंजूचं काय होईल हा प्रश्न त्याला पडलाच नाही असं नाही. पडला, आणि त्याचं उत्तर त्यानंच देऊन टाकलं, की ती खूश होईल. दुसऱ्याच्या वतीनं उत्तर देण्याची त्याची सवय जुनीच होती.

चार वाजता मैदान फुलून गेलं होतं. पाळण्यावाल्यानं पाळणा थांबवला, जिलेबीवाल्यानं कढईखालचा जाळ कमी केला. पहिल्या रांगेत गुरुजी, त्यांच्या बाजूला नव्या लुगड्यात ममता. केवळरामनं डोळ्यांनी बायांची बाजू पिंजून काढली आणि त्याला रंजू दिसली, तिसऱ्या रांगेत, खुशबूच्या शेजारी. तिनं केस नीट बांधले होते. ती ताठ बसली होती आणि तिची नजर मंचावरून हलत नव्हती.

मनिषनं घोषणा केली. वाजंत्री सुरू झाली. केवळरामनं पहिलं कडवं म्हटलं, डोंग्यातून हाक मारण्याचं. आवाज थोडा फाटला, पण लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग ती जागा आली. वाजंत्री खाली उतरली, चार मात्रा सुटल्या, आणि हजार माणसं श्वास रोखून पाळीवरच्या उत्तराची वाट पाहू लागली.

उत्तर आलं नाही.

वाजवणाऱ्यांनी एक फेरा पुन्हा घेतला. मनिष बाजूनं हातवारे करू लागला. केवळरामनं हात वर करून वाजंत्री थांबवली.

"हा आवाज माया नव्हता," तो माइकमध्ये म्हणाला. "कधीच नव्हता. मी निस्ते ओठ हालवत होतो. पडद्यामागं बसून आपल्या मोहल्ल्याची रंजू गात होती. ते पाहा, थे बसली हाय."

सगळ्या माना एकदम वळल्या. खुशबूनं आजीकडे पाहिलं, तोंड उघडं ठेवून. ममता मात्र नवऱ्याकडेच पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते पाहण्याची केवळरामची हिंमत झाली नाही. तो माइक घेऊन पायऱ्या उतरला. वायर मागून ओढत आली. लोक बाजूला सरले. त्याचे पाय हलके झाले होते. सदतीस वर्षांत इतके हलके कधी झाले नव्हते. रंजूसमोर जाऊन त्यानं माइक तिच्यापुढं धरला.

रंजूनं माइक घेतला. आधी तिनं तळवा माइकच्या तोंडावर घट्ट दाबला. मग केवळरामकडे पाहिलं आणि फक्त त्यालाच ऐकू जाईल असं बोलली.

"मले सरावाचं सांगून गाऊन घेतलं, तवा मले इचारलं नव्हतं. लोकांत मायं नाव घेतलं, आजबी नाही इचारलं. बाजारात मीच इचारलं तुले, तं नाही म्हणला."

"रंजू, मी तुह्यासाठीच..."

"माह्यासाठी नाही. तुले झोप येत नव्हती म्हणून."

तिनं तळवा काढला. माइकमधून तिचा बोलण्याचा आवाज मैदानभर गेला, वयानं जाड झालेला, शांत.

"मी कायले गाऊ बापा? मी मासोळ्या इकते. यांचा सभाव पहिल्यापासून असाच हाय, आपलं मोठेपण दुसऱ्याले देऊन टाकते. आवाज यांचाच होता. मी जवळून आयकला हाय."

आणि तिनं माइक परत त्याच्या हातात ठेवला.

मग गुरुजी उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. पाठोपाठ अख्खं मैदान उठलं. केवढा विनम्र माणूस, कोणीतरी म्हणालं, जुनी माणसं ती जुनीच. केवळराम ओरडून सांगू लागला की ती खोटं बोलते आहे, मी खरं सांगतो आहे, पण टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही, आणि ज्यांना ऐकू गेलं ते आणखी जोरात टाळ्या वाजवू लागले. दोघा पोरांनी त्याला दंडाला धरून पुन्हा मंचावर चढवलं. ममता पदरानं डोळे पुसत हसत होती.

मनिष त्याच्या कानाशी लागला. "आबाजी, गळा बसला असंन तं टेन्शन नोका घेऊ. मी फोनवरून लावतो. तुमी निस्ते ओठ हालवा."

नको, असं म्हणायला केवळरामनं तोंड उघडलं. तोवर मोठ्या भोंग्यांतून गाणं सुरू झालं होतं. त्याची स्वतःची हाक आली, ती विरली, चार मात्रा सुटल्या, आणि एकोणीस वर्षांच्या रंजूनं पाळीवरून उत्तर दिलं. मैदान अगदी चिडीचूप झालं. पहिल्या रांगेतून ममता पाहत होती, कॅमेरा तोंडासमोर होता, आणि त्याचे ओठ जुन्या सवयीनं आपोआप हलू लागले होते. तिसऱ्या रांगेत खुशबूनं हरखून आजीचा दंड हलवला आणि मंचाकडे बोट दाखवलं.

रंजूनं मान डोलावली. मग मांडीवर हात ठेवून, गाणं संपेपर्यंत, ती केवळरामच्या ओठांकडे पाहत राहिली.