बिनमाशांचा व्हिडिओ

पाण्याखाली मासे नव्हते. हे मी पाण्यातून परत बोटीवर चढल्या चढल्या सांगितलं, घरी येऊन सांगितलं आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्यांनाही सांगितलं. तिन्ही ठिकाणी लोकांनी माझ्याकडे एकाच नजरेने पाहिलं. त्या नजरेचा मला आता कंटाळा आला आहे.

मी तात्याराव ओव्हाळ. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासणी विभागात नोकरी केली आणि निवृत्त झालो. तपासणीचं काम सोपं असतं. माल समोर येतो, तो बघायचा, चीर असेल तर आहे म्हणायचं, नसेल तर नाही म्हणायचं. साहेबाला काय आवडेल ते म्हणायचं नसतं. नोकरीभर कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहिलो, आता वाघोलीत मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतो. राकेश आयटीत आहे, सूनबाई सोनालीही आयटीत आहे. दोघं दिवसभर कॉम्प्युटरपुढे मान मोडतात आणि रात्री जेवताना मला सांगतात, "पप्पा, आयुष्य भरभरून जगा."

भरभरून म्हणजे नक्की कसं, असं मी एकदा विचारून बसलो. त्यातून ती ट्रिप निघाली. मालवणला जायचं, पाठीला सिलिंडर बांधायचा आणि समुद्राच्या तळाशी मासे बघायचे. मी नाही म्हणालो नाही. पोहायला मी होळकर पुलाखाली शिकलो, मुळा नदीत. तेव्हा पाण्यात उभं राहिलं की मासे पायाला लुचायचे. मरळ, वाम, काहीही गळाला लागायचं. मग नदीला फेस आला, जलपर्णी आली, शेवटी नुसती चिलापी उरली आणि तीही कोणी खाईना. पाण्यात डोळे उघडून मासे बघायचे राहूनच गेले, असं मला कधी कधी खरंच वाटायचं. "या वयात कशाला ते?" असं शालन म्हणाली. शालन म्हणजे माझी बायको. म्हणाली खरं, पण माझा टॉवेल आणि चड्डी तिने आधीच बॅगेत भरली होती.

समुद्रावर वारा होता. पाणी कसं आहे, असं मी बोटवाल्याला विचारलं.

"गढूळ हा आज, काका."

"आणि मासे?"

त्याने समुद्राकडे पाहिलंसुद्धा नाही. "आता काय गावणा नाय. ट्रॉलरवाले सगळा खरवडून नेतत."

"पप्पा, निगेटिव्ह नका ना बोलू," राकेश म्हणाला. बोललो होतो कुठे मी? बोटवाला बोलला होता.

खाली गेल्यावर एकाने मला मागून धरलं होतं आणि दुसऱ्याच्या हातात कॅमेरा होता. पाणी हिरवट, पालकाच्या उकळलेल्या पाण्यासारखं. हात लांब केला तर स्वतःची बोटं धूसर दिसायची. कॅमेरावाल्याने कमरेची बाटली काढून माझ्यासमोर दाबली, तसा तिच्यातून भिजलेला पाव बाहेर आला. मासे यावेत म्हणून ते असं करतात. पावाचे तुकडे माझ्या डोळ्यांवरच्या काचेसमोर तरंगत राहिले. ते खायला कोणी आलं नाही.

मग एक मासा आला. बोटाएवढा, करड्या रंगाचा, देखणा वगैरे अजिबात नाही. पावाला त्याने तोंड लावलं नाही. माझ्या काचेसमोर येऊन थांबला आणि मला बघत राहिला. मी त्याला बघत राहिलो. गुडघे दुखत नव्हते, कोणी हाक मारत नव्हतं, ऐकू येत होता तो फक्त माझा श्वास. मला फार आनंद झाला. इतका आनंद याआधी कधी झाला होता, ते आठवत नाही. थोड्या वेळाने तो गेला आणि त्या लोकांनी मला वर काढलं.

वर सगळ्यांचा एकच प्रश्न, किती मासे दिसले. मी म्हणालो, मासे नव्हते. त्या एकाचं मी कोणाला सांगितलं नाही. एक मासा म्हणजे मासे नव्हेत. शिवाय सांगण्यासारखं त्यात काय होतं, हे मला शब्दांत आणता आलं नसतं.

आठवड्याने ट्रिपच्या कंपनीकडून व्हिडिओ आला. त्यात पाणी निळंशार आणि माझ्याभोवती पिवळे, काळ्या पट्ट्यांचे मासेच मासे. गाण्याच्या तालावर ते माझ्या डोक्यावरून जात होते. राकेशने तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. अंगठे आले, हात जोडलेले आले.

"हे मासे तिथे नव्हते," मी म्हणालो.

"पप्पा, समोर दिसतायत ना," सोनाली म्हणाली.

"मला तिथे दिसले नाहीत."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तेव्हापासून घरात माझा हिशेब सुरू झाला. मागे एकदा मी गॅस चालू ठेवून खाली गेलो होतो. एकदा स्कूटर मंडईबाहेर ठेवून चालत घरी आलो होतो. तेव्हा यावर सगळे हसले होते. आता कोणी हसेना. राकेशने स्कूटरची चावी स्वतःच्या कपाटात ठेवली आणि मला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, मी काढलं. काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले, त्यातला एक राहिला. मग राकेशने त्यांना व्हिडिओ दाखवला. व्हिडिओ बघून डॉक्टरांनी माझ्याकडे अगदी मायेने पाहिलं. माया आली की समजावं, आपलं काही खरं नाही.

मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहू लागलो. आधी रागाने पाहत होतो, नंतर भीतीने. एवढे मासे डोक्यावरून गेले आणि मला दिसले नसतील, तर जो एक दिसला तो तरी तिथे होता का? हा विचार मला झोपू देईना. गॅस, स्कूटर, चावी, सगळं गेलं तरी चाललं असतं. पण तो मासा मला हवा होता.

आमच्याच इमारतीतला अनिरुद्ध त्याच कंपनीबरोबर जाऊन आला. बागेत बाकावर बसून त्याने मला कौतुकाने त्याचा व्हिडिओ दाखवला. त्यातही पिवळे मासे होते. त्यांतल्या एकाच्या पाठीवरच्या पराला खाच होती. तो डावीकडून आला, थबकला, वळला आणि गेला. माझ्या व्हिडिओतही तो तसाच यायचा, तसाच थबकायचा. मी घरी जाऊन राकेशला सांगितलं.

"पप्पा, मासे सगळे सारखेच दिसतात," तो म्हणाला. लॅपटॉपवरून मान वर केली नाही. दमला होता, मला कळत होतं. पण मीही दमलो होतो.

दुसऱ्या दिवशी शालनला सांगून मी हडपसरला गेलो. कंपनीचं ऑफिस एका मिठाईच्या दुकानावर होतं. भिंतीवर कासवांची पोस्टर, आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपुढे यास्मिन नावाची मुलगी. व्हिडिओ तीच तयार करायची. तिचे डोळे सुजल्यासारखे झाले होते, समुद्राच्या खाऱ्या पाण्यात न जाताच.

"मुली, मला फक्त एक सांग. मी खाली होतो तेव्हा तिथे मासे होते का?"

"काका, कम्प्लेंट असेल तर सर उद्या भेटतील."

"कम्प्लेंट नाही. घरचे म्हणतात माझं डोकं गेलंय."

तिने कानावरचा हेडफोन काढला. माझं नाव विचारलं, तारीख विचारली.

"खरं सांगू काका? मासे आमच्याकडे फोल्डरमध्ये असतात. खूप जुनं शूटिंग आहे. तेव्हा पाणीपण क्लिअर होतं आणि मासेपण होते. आता काहीच मिळत नाही. लोक म्हणतात मासे नाही दिसले, खराब रिव्ह्यू देतात. मग सरांनी सांगितलं, घाल."

"सगळ्यांच्या व्हिडिओत?"

"सगळ्यांच्या. तो कट लागलेला पिवळा आहे ना, तो तर माझा हीरो आहे." ती हसली नाही. "पण विचारायला आलेले तुम्ही पहिलेच. बाकीच्यांना व्हिडिओ बघितला की वाटतं, हो, आपण बघितलेच एवढे मासे. थँक्यू म्हणून मेसेज करतात."

मी खुर्चीवर बसलो. मग मी तिला त्या करड्या माशाचं सांगितलं. ते मी पहिल्यांदाच कोणाला तरी सांगत होतो.

तिने माझं मूळ शूटिंग शोधलं. स्क्रीनवर हिरवट पाणी आलं. मी त्यात एखाद्या पोत्यासारखा लटकलेला. पावाचे तुकडे तरंगत होते. बराच वेळ काहीच घडलं नाही, आणि मग खालच्या कोपऱ्यातून तो आला. बोटाएवढा, करडा. माझ्या काचेसमोर थांबला. मी हात पुढे केला नव्हता, हललोही नव्हतो, सगळं मला आठवत होतं तसंच होतं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

"हा तर मी कट केला होता," यास्मिन म्हणाली. "मला वाटलं कचरा आहे." तिने तो तुकडा माझ्या फोनमध्ये टाकून दिला. "माझं नाव सांगू नका हां कोणाला." मी नाही सांगणार म्हणालो. ही गोष्ट सांगतानाही तिचं नाव मी बदललेलं आहे.

खाली उतरलो आणि समोर आली त्या बसमध्ये चढलो. किती दिवसांनी छातीत हलकं वाटत होतं. डोक्यात भाषण तयार होत होतं. राकेशला समोर बसवायचं, फोन दाखवायचा आणि म्हणायचं, आण ती चावी. मासे खोटे निघाले, म्हणजे बाकीचंही खोटं. गॅस काय, कोणाकडूनही राहतो. डॉक्टरला म्हणावं, घड्याळ तूच काढ. स्टेशनला बस बदलली, खिडकीशी जागा मिळाली, भाषण आणखी लांबलं. आपल्या स्टॉपवर उतरलो. पाय आपोआप चालत होते. भेळेची गाडी, पिंपळ, फाटक.

फाटकावरच्या माणसाने मला अडवलं. "कुणाकडं जायचंय, काका?"

मी त्याला क्वार्टरचा नंबर सांगितला.

"तिथं कोण नाय राहत आता. त्या लायनी पाडायच्या हायेत."

मी त्याच्या मागे पाहिलं. खिडक्यांना दारं नव्हती. आमच्या ओट्यावर गवत वाढलं होतं. मी खडकीत उभा होतो. वाघोलीला जायचं सोडून एक बस बदलून मी खडकीला आलो होतो, आणि एकदाही मला वाटलं नव्हतं की चुकतंय. खिशात फोन होता, फोनमध्ये पुरावा होता. पुरावा बरोबर होता आणि डॉक्टरही बरोबर होता.

मी राकेशला फोन केला. तो ऑफिसातून तसाच निघून आला. तोवर फाटकावरच्या माणसाने मला स्टूल दिलं, पाणी दिलं. त्यालाही माझी माया आली होती.

राकेशने गाडीचं दार उघडून मला आत बसवलं. "पप्पा, इकडे कसे? कोणाला भेटायला आला होता?"

उत्तर त्यानेच पुढे करून ठेवलं होतं. हो म्हणायचं, कारखान्यातल्या एखाद्या मित्राचं नाव घ्यायचं, झालं असतं. ते नाव तोंडापर्यंत आलंसुद्धा. पण जे नव्हतं ते होतं म्हणू नका, एवढ्यासाठी मी इतके दिवस सगळ्यांशी भांडत होतो.

"नाही," मी म्हणालो. "घरी चाललो होतो."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्याने गाडी सुरू केली नाही. मी फोन काढून त्याला तो तुकडा दाखवला. हिरवं पाणी, पाव, मग तो मासा. राकेशने तो पूर्ण पाहिला. मग पुन्हा पहिल्यापासून लावला.

"म्हणजे मासे नव्हतेच," तो म्हणाला.

"एक होता."

"सॉरी, पप्पा."

"चावी तुझ्याकडेच ठेव," मी म्हणालो. भाषणातलं एवढंच शिल्लक होतं, तेही उलटं. "दुसरं काम आहे तुला. हे नीट जपून ठेव. आईला दाखवून ठेव, सोनालीला दाखव. पुढे मी विसरेन. तुम्ही मला काहीतरी दाखवाल, पप्पा, बघा, तुम्ही समुद्रात गेला होता. तेव्हा हा दाखवायचा. तो पिवळ्या माशांचा नाही."

"तो आवडला नाही ना तुम्हाला."

"तसं नाही रे," मी म्हणालो. "तो दाखवलास तर तेव्हा मी त्यालाच हो म्हणेन."