जळक्या केसांचा वास

रविवारी सकाळी नऊ वाजले की नंदनवन भागातल्या त्या मैदानात पाय ठेवायला जागा उरत नसे. कुही गावाकडून जीपगाड्या भरभरून लोक यायचे. कुणाच्या कडेवर पिवळ्या डोळ्यांचं लेकरू, कुणाच्या हातात एक्स-रेची पिशवी. मंचावर लांबलचक टेबल, टेबलावर काचेच्या पेल्यांची रांग, प्रत्येक पेल्यावर रोग्याच्या नावाची चिठ्ठी आणि पेल्यात पाणी. त्या पाण्याचं नाव जीवनतीर्थ. भोवती कापूर आणि धूप यांचा एवढा मारा की पुढच्या रांगेतल्यांचे डोळे झोंबायचे, आणि लोक म्हणायचे, बघा, भक्तीनं डोळे भरून आले.

काजल सगळ्यांत मागे उभी होती. ती सरकारी दवाखान्यात रक्त तपासणारी तंत्रज्ञ. दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली सिकलसेलच्या पेशी बघायच्या, विळ्यासारख्या वाकलेल्या, हे तिचं काम. आणि मंचावर जिच्या नावाचा पेला होता ती भूमिका तिची सख्खी भाची, वय वर्षं दहा, तिच्या रक्तातही तेच विळे.

"साइन्स काय म्हणते?" सूत्रेश्वर महाराजांनी माइक ओठांना टेकवला. "साइन्स म्हणते शरीर म्हणजे प्रोटीन. आणि प्रोटीन म्हणजे काय? धागा. धाग्याला उलटा पीळ पडला की झाला रोग. डॉक्टर त्या पिळावर गोळी मारतो. मी पीळच सोडवतो. अमेरिकेचे सायंटिस्ट इथे येऊन माझ्या पायाशी बसून गेले आहेत, फोटो मागच्या स्टॉलवर मिळेल."

यातलं अर्धं वाक्य खरं होतं, आणि काजलला तेच जास्त चीड आणत होतं. माणूस नुसता अडाणी असता तर एक वेळ चाललं असतं. हा शिकून सवरून लुबाडत होता.

रीत अशी होती. रोग्याच्या मनगटावर महाराज पांढरा धागा बांधत. सात दिवस त्या धाग्यानं रोग शोषून घ्यायचा. पुढच्या रविवारी सेवक तो कापून पेल्यात सोडायचे, अर्धा तास भजन व्हायचं, आणि मग बघायचं. धागा नाहीसा झाला तर रोग विरला. तसाच राहिला तर महाराज कपाळाला हात लावून म्हणत, "औषधाचं विष आडवं आलं." धागा बांधायच्या आधी एक मुलगी प्रत्येकाला विचारून वहीत लिहून घ्यायची की औषध चालू आहे की बंद.

भजन संपलं. शामलानं, म्हणजे काजलच्या वहिनीनं, पेला उंच धरला. आत नुसतं पाणी. ती रडत रडत मागे आली.

"बघितलं का वं काजल? तिसऱ्यांदा विरला. पयल्या रविवारी रायला होता, तवा गोळ्या चालू होत्या ना."

"चालू होत्या म्हणजे? आता बंद आहेत?"

भूमिका शामलाच्या पदराआडून मनगटावर बांधलेला नवा धागा दाखवत होती.

"वहिनी, किती दिवस झाले?"

"तीन हप्ते. मी एकटीनं नाई केलं. बाबूजी म्हणले."

तिथं काजलचा संताप वळून घरावर आला. बाबूजी म्हणजे तिचे वडील बाबनराव, जन्माचे कोष्टी. चाळीस वर्षं हातमागावर बसले, माग गेला तसे सदर भागातल्या एका दुकानात कापड मोजायला लागले. सुताच्या बाबतीत वस्तीत त्यांचा शब्द शेवटचा. महाराजांनी हे बरोबर हेरलं होतं. पाच आठवड्यांपूर्वी त्यांनी बाबनरावांना मंचावर बोलावून रीळ हातात दिलं. बाबनरावांनी धागा चिमटीत चोळला, पीळ उकलला, दातात धरून बघितला आणि माइकवर सांगितलं, "सूत आहे. अस्सल." मग धागा पेल्यात गेला आणि विरला. तेव्हा ते भारावून बोलून गेले, "सूत असं कशानंच विरत नाई. हे मी सांगतो." त्यांच्या त्या एका वाक्यावर वस्तीतली सतरा घरं रांगेत येऊन उभी राहिली.

"बाबूजी, तिची गोळी आजच्या आज सुरू करा," काजल घरी पोचताच म्हणाली.

"तू मशीनवर पायते, मी डोळ्यानं पायलं," बाबनराव म्हणाले. "चाळीस वर्षं धागा हातात खेळला माह्या. तू मले धागा शिकवते काय?"

"धागा नाही, रक्त शिकवते."

"तुह्या दवाखान्यानं दहा वर्षांत बरी केली का तिले? नाई ना? मंग?"

ते खरंच होतं. गोळीनं आजार जात नव्हता, नुसता ताब्यात राहत होता. आणि 'ताब्यात राहील' या शब्दाची जत्रा भरत नाही. तिचा दादा भूपेश, म्हणजे भूमिकाचा बाप, खाली मान घालून बसून राहिला. बापापुढे तो कधीच बोलला नव्हता.

बुधवारी दुपारी त्याचाच फोन आला. भूमिकाच्या छातीत कळा येऊन राहिल्या, श्वास लागून राहिला. तिला दवाखान्यात आणलं तेव्हा पोरीचे ओठ राखेसारखे झाले होते. सुई लावायला नर्सनं मनगट धरलं आणि म्हणाली, हे काढा आधी. काजलनं कात्रीनं धागा कापून कचऱ्याच्या बादलीत टाकला. बाबनरावांनी वाकून तो उचलला.

"बाबूजी, आता तरी."

"मंतरलेला धागा असा फेकत नाईत. अग्नीत द्यावं लागते." नातीकडे बघायची हिंमत नव्हती, म्हणून असेल, ते धागा घेऊन बाहेर गेले. काजल त्यांच्या मागोमाग गेली. मनात एवढा राग होता की तो कुणावर तरी काढल्याशिवाय तिला आत परत जाता येणार नव्हतं.

दवाखान्याच्या फाटकाबाहेर चहाची टपरी होती. बाबनरावांनी टपरीवाल्याची माचिस मागितली, डोळे मिटून हात जोडले आणि धाग्याला काडी लावली. धागा जळत गेला नाही. तो आखडला, वळला आणि ज्योत काढताच विझला. टोकाला काळा मणी उरला. बाबनरावांनी डोळे उघडले. नाक वर केलं. मग तो मणी बोटांत दाबला, त्याचा भुगा झाला.

दुसऱ्यांदा काडी लावली. जळक्या केसांचा वास.

त्यांचा चेहरा उतरला. रेशमात सुताची भेसळ आहे का हे बघायला कोष्टी पिढ्यान्‌पिढ्या धागा जाळून वास घेतात. सूत कागदासारखं भसकन जळतं, राख करडी पडते. केसासारखं जळतं ते रेशीम. हे ज्ञान बाबनरावांच्या नाकात होतं. नाक घरी ठेवून ते मंचावर गेले होते.

"रेशीम आहे वं, सुतासारखं कातलेलं," ते म्हणाले. "मले रीळ दाखवलं सुताचं. मी माइककडे वळलो, त्यानं मागून दुसऱ्याच रिळाचा कापला. मीच पायलं नाई. मीच सांगतलं सूत आहे म्हणून."

"रेशीम," काजल म्हणाली, आणि तिच्या डोक्यात एकदम सगळं जुळलं. तो कापूर, तो धूप, पुढच्या रांगेतले झोंबणारे डोळे. "बाबूजी, चला माझ्यासोबत."

प्रयोगशाळेत रक्त सांडलं की पुसायला ब्लीचचं द्रावण असतं, कपड्यांचे डाग काढतो तेच. तिनं दोन चंचुपात्रांत ते ओतलं. एकात बँडेजचं सूत टाकलं. दुसऱ्यात बाबनरावांच्या मुठीत उरलेला अर्धा धागा. पंचवीस मिनिटं दोघं बापलेक पात्रांकडे बघत राहिले. धाग्यातून बारीक फुगे सुटले, तो पातळ झाला, तुटला आणि गेला. बँडेजचं सूत जागच्या जागी होतं.

"काहून असं?" बाबनरावांनी विचारलं.

"रेशीम म्हणजे प्रोटीन, प्रथिन. किड्यानं अंगातून काढलेलं. आपले केस, नखं, कातडी, तेही तसंच, म्हणून एकसारखा वास येतो. ब्लीच प्रथिनाच्या साखळीचे तुकडे करते. सूत झाडाचं, ते साखरेच्या कड्यांचं बनते. त्याले ब्लीच एवढ्या लवकर तोडू शकत नाही." रागानं बोलता बोलता तिच्या भाषेत घरची बोली येत होती. "जो औषध घेते म्हणे त्याले सूत बांधायचं. जो बंद केलं म्हणे त्याले रेशीम. वही त्यासाठी होती, बाबूजी. लोकांनी गोळ्या सोडाव्या म्हणून."

"आन भूमीच्या रक्तात काय आहे मंग?"

"तुमच्या मागावर काठाच्या नक्षीसाठी जकार्डचे पुठ्ठे होते ना, भोकं पाडलेले? भोकांप्रमाणं धागा वर उचलते, तशी नक्षी पडते. पेशीत बी असंच आहे. आतमंदी हुकूम लिहिलेला असते, त्याची नक्कल निघते, आन ती वाचून एकेक मणी ओवत प्रथिनाची माळ विणली जाते. मग ती माळ आपोआप घडी घेते, आन जशी घडी तसं तिचं काम. रक्तात श्वास वाहून नेणारं हिमोग्लोबिन असंच बनते. त्याच्या एका माळेत एकशे सेहेचाळीस मणी. भूमीच्या माळेत सहावा मणी चुकीचा आहे. एकच. तेवढ्यानं त्या माळा एकमेकींले चिकटतात, पेशी वाकते, बारीक नसांमंदी अडकते."

"पुठ्ठ्यात भोक चुकलं तर विणलेलं लुगडं कितीबी धुवा," बाबनराव हळूच म्हणाले, "पुढच्या लुगड्यात तोच दोष येते."

"हो. मनगटाचा धागा विरून पुठ्ठा बदलत नाही. आन ती गोळी काय करते? बाळ पोटात असताना जे दुसरं हिमोग्लोबिन विणलं जाते, तो बंद पडलेला माग ती जरा पुन्हा चालू करते. ते चिकटत नाही. म्हणून पोरगी शाळेत जात होती."

रविवारी बाबनराव मंचावर चढले तेव्हा महाराजांनी स्वतः त्यांच्या हाती माइक दिला. हाच तर त्यांचा खास साक्षीदार.

"मी बाबनराव कोष्टी," ते म्हणाले. "हे सूत. हे रेशीम, सदरच्या दुकानातून आणलं, याले कोणी मंत्र दिला नाई. महाराज, सुताले तुम्ही आशीर्वाद द्या. रेशमाले नका देऊ." आणि कुणाला कळायच्या आत त्यांनी दोन्ही धागे दोन पेल्यांत सोडले.

सेवक धावले. पण पहिल्या रांगेतल्या कोष्टिणी उठून टेबलासमोर उभ्या राहिल्या, आणि त्यांना हात लावायची सेवकांची छाती झाली नाही.

"जिथे श्रद्धा नाही तिथे शक्ती प्रकट होत नाही," महाराज म्हणाले.

"नका होऊ देऊ," बाबनराव म्हणाले. "भजन लावा."

भजन कुणी लावलं नाही. अर्धा तास ती सगळी गर्दी उभ्यानं दोन पेल्यांकडे बघत राहिली. ज्याला आशीर्वाद मागितला होता ते सूत तसंच राहिलं. बिनआशीर्वादाचं रेशीम गेलं. काजलनं पेला हुंगला आणि माइकवर सांगितलं की हे ब्लीच आहे, आणि रेशमाचं जे होतं तेच माणसाच्या कातडीचं होतं.

"खोटं आहे," महाराज ओरडले. "हे तीर्थ आहे."

"मग बोट बुडवा," काजल म्हणाली. "अर्धा तास. तुमचंच तीर्थ आहे."

महाराजांनी हात मागे घेतला. उपरण्याखाली लपवला. एवढं सगळ्यांना दिसलं, आणि त्याहून जास्त काही सांगायची गरज उरली नाही.

तेव्हा शामला पुढे आली. ती सरळ दवाखान्यातून आली होती, चार रात्री तिचा डोळा लागला नव्हता. "महाराज," ती म्हणाली, "माह्या पोरीच्या हातावर तुम्ही रेशीम बांधत होते तवा तुमाले ठाऊक होतं ना, तिची गोळी बंद आहे म्हणून?"

महाराज मंचाच्या मागच्या पायऱ्या उतरले. मागच्या मागे गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. काजलनं तोवर ठाण्यात तक्रार दिलेली होती. पुढचं कोर्टात काय व्हायचं ते होईल.

भूमिका वाचली. नवव्या दिवशी तिला घरी आणलं. गोळी सुरू आहे, आणि ती जन्मभर घ्यावी लागेल हे तिला काजलनं स्पष्ट सांगितलं आहे. खोटी आशा दाखवून पोरीला फसवायचं काम आणखी कुणी करायची गरज नव्हती.

त्या रविवारी मैदानातून बाबनराव घरी गेले नाहीत. त्यांच्या शब्दावर रांगेत लागलेल्या सतरा घरांची दारं त्यांनी एकेक करून वाजवली. प्रत्येक दारात एकच वाक्य, "मी चुकलो, गोळी सुरू करा." काहींनी शिव्या दिल्या, काहींनी पाणी दिलं. सोळा घरांत गोळ्या सुरू झाल्या.

सतरावं दार मारोतरावांचं. त्यांची रीना चौदा वर्षांची होती, तिच्याही रक्तात तेच विळे. बुधवारपासून दवाखान्यात अडकलेल्या बाबनरावांनी वाक्य सुरू केलं आणि आतल्या भिंतीवर हार घातलेला फोटो बघून ते मधेच थांबले. मारोतराव ओसरीवर बसले होते.

"गुरुवारी गेली," मारोतराव म्हणाले. "तुम्हीच सांगतलं होतं ना गा, सूत असं कशानंच विरत नाई."

बाबनराव उंबऱ्याबाहेरच खाली बसले. काजल मागे उभी होती. बापावरचा तिचा राग गेला नव्हता, आणि तो जावा असं तिला वाटतही नव्हतं. डोळ्यांनी पाहिलं म्हणून खरं मानू नका. हातात घ्या, जाळून पाहा, वास घ्या, रीळ कुणी बदललं ते विचारा. आणि चालू औषध बंद करायला जो कुणी सांगेल, त्याच्या हातातला माइक आधी काढून घ्या. विचारायला एक मिनिट लागतं. रीनाच्या वेळी ते एक मिनिट कुणीच दिलं नाही.