नऊ दिवस कोणी आलं नाही

कुलूप कडीला उघडंच लटकत होतं, आणि त्याला कोणीतरी तेल लावलं होतं. सहा वर्षं गंजत पडलेल्या त्या लोखंडावर आता काळसर, ओली चकाकी होती. त्याने नकळत बोट लावलं, आणि बोटाला लागलेलं तेल अंगठ्यावर चोळत तो स्वतःच्याच दुकानाच्या पायरीवर परक्यासारखा उभा राहिला. स्वतःच्या... म्हणजे कागदोपत्री. फोटो स्टुडिओची पाटी अजून वर होती, पण तिच्याखाली पुठ्ठ्यावर खडूने लिहिलं होतं — ‘खुर्च्या विणून मिळतील’.

चार दिवसांपूर्वी बायकोने स्वयंपाकघरातूनच सांगितलं होतं, "अहो, दुकानाची किल्ली मी औषधवाल्या बाईंना दिली. ओरडायचं असेल तर आत्ताच ओरडून घ्या, मला मग बाहेर जायचंय."

तो ओरडला नाही. त्याने अबोला धरला. तोही त्याला धड जमेना, कारण चष्मा कुठे ठेवलाय हे दर वेळी तिलाच विचारावं लागे.

या रस्त्यावर अठरा गाळे, त्यातले सात बंद. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाच्या बाई गेलं वर्षभर त्या सातही मालकांच्या घरी खेटे घालत होत्या. त्याच्याकडे तीनदा आल्या. "स्वतः उघडत नसाल तर दुसऱ्या कोणाला उघडू द्या," त्या म्हणत. "बंद शटरसमोरून माणूस भरभर चालतो, आणि भरभर चालणारा माणूस माझ्याही दुकानात शिरत नाही हो." तिन्ही वेळा त्याने एकच उत्तर दिलं — गुडघे बरे झाले की मीच उघडणार आहे.

गुडघ्यांना काय धाड भरली होती? याच गुडघ्यांनी तो रोज सकाळी लांबचा वळसा घालून मंडईत जात होता, केवळ हे शटर दिसू नये म्हणून. खरं कारण वेगळंच होतं, आणि ते त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं... ओळीने नऊ दिवस दुकानात कोणी आलं नव्हतं. तो रोज वेळेवर उघडत होता, भिंग पुसत होता, काचेतले नमुन्याचे फोटो इकडचे तिकडे करत होता, पावलं वाजली की केस सारखे करून ताठ बसत होता, आणि पावलं पुढे निघून जात होती. संध्याकाळी बायकोने विचारलं की म्हणे, "होती थोडी गर्दी." दहाव्या दिवशी भर दुपारी त्याने शटर ओढलं. लाज... दुसरं काय? जणू नऊ दिवस सगळा रस्ता त्याच्याकडे पाठ करून उभा होता.

"आत या ना," आतून आवाज आला. "मालक तुम्हीच ना?"

चाळिशीची बाई जमिनीवर बसली होती, समोर सांगाडा राहिलेली खुर्ची, शेजारी बादलीत भिजत घातलेला वेत. बोटांना चिकटपट्ट्या. तिच्या मागे त्याचा पडदा तसाच होता — रंगवलेलं तळं, टेकड्या, कुठेच न जाणाऱ्या चार पायऱ्या.

"पडदा राहू दिलाय. चालेल ना? भिंतीपेक्षा बरा वाटतो."

चालेल, तो म्हणाला. मग काय बोलावं ते न सुचून त्याने नेमका नको तोच प्रश्न विचारला. "आज कोणी आलं?"

"सकाळपासून तुम्हीच."

"आणि काल?"

"काल एक बाई आल्या होत्या. पत्ता विचारायला."

तिने हे किती सहज सांगितलं. आवाज खाली गेला नाही, हात थांबले नाहीत. आणि त्याच्या तोंडून, सहा वर्षं घट्ट मिटलेल्या त्या तोंडून, निघून गेलं, "माझ्याकडे शेवटी नऊ दिवस कोणी आलं नव्हतं. गुडघेबिडघे सगळं खोटं. म्हणून बंद केलं."

तिने वेताचं टोक दातात धरून ओढलं, गाठ बसवली, आणि मग म्हणाली, "नऊ दिवस बसलात की पण."

त्याला एकदम बसावंसं वाटलं. समोर गिऱ्हाइकाचं स्टूल होतं, ज्यावर तो आयुष्यात कधी बसला नव्हता. बसला... आणि इथे कोण कोण बसलं होतं ते आठवू लागलं. निवृत्त मास्तर, एकच जुना फोटो चौथ्यांदा मोठा करून नेणारे. कोपऱ्यावरच्या बाई, वर्षातून दोनदा पासपोर्टचा फोटो काढणाऱ्या — "अर्ज भरायचाय हो" — आणि त्यांचं दुकान तर एक दिवस बंद नसायचं, गेल्या कुठे होत्या त्या? तेव्हा तो घरी थट्टेने म्हणाला होता, "बाईंना स्वतःचा चेहरा भारी आवडतो." बायको हसली नव्हती. भाजी निवडत राहिली होती, मान खाली घालून... तिला ठाऊक होतं? की तिनेच त्यांना—

म्हणजे ते नऊ दिवस खरे होते, पण त्यांच्या आधीची ती कितीतरी वर्षं? कोणी कोणी, काही कारण नसताना, केस विंचरून येऊन इथे बसलं होतं, त्याने हनुवटी जरा वर म्हटलं की वर केली होती, आणि त्याला पत्ताही लागू दिला नव्हता.

"घरी एक खुर्ची आहे," तो म्हणाला. "आणू का उद्या?"

"बैठक गेलीय का?"

"तशी..." तो अडखळला. घरच्या खुर्चीचा वेत अजून दहा वर्षं टिकला असता. "गेल्यातच जमा आहे."

तिने मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. ओठांच्या कडेला काहीतरी हललं. "आणा."

बाहेर पावलं वाजली. हिचं चालेल की हीसुद्धा कधीतरी भर दुपारी शटर ओढेल, कोणी सांगावं... पावलं दाराशी मंदावली, पुन्हा पुढे गेली. त्याचा हात सवयीने केसांकडे गेला नाही. त्याला उठायची घाई नव्हती. घरी गेल्यावर बायकोशी बोलायचं होतं, अगदी आजच. पण ‘तूच त्यांना पाठवायचीस का’ हे विचारायचं, की न विचारता नुसतंच तिच्या शेजारी बसून भाजी निवडू लागायचं, हे काही त्याचं ठरत नव्हतं, आणि न ठरण्यातच त्याला इतकं भरून येत होतं की तो तसाच, हनुवटी जरा वर करून, बसून राहिला.